आगटेबाईंचा तारखांचा तक्ता

आज गुरुवार, पाच फेब्रुवारी. सकाळी स्वारगेटहून बसने कौटुंबिक न्यायालयात गेले. साडेअकराला माझ्या अशिलाचा अर्ज मंजूर झाला. तिचा मुलगा आता तिच्याकडेच राहील. दुपारी दोन फायली लावल्या आणि चारला घरी येऊन जेवले. प्रा. सुलभा आगटे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी लेख आजच द्यायचा आहे. माझे लिखाण अर्जांपुरतेच असते, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मी एक्केचाळिसाव्या वर्षी विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला. पती खडकीच्या कारखान्यात होते. मी शिकावे ही इच्छा त्यांचीच. पहिल्या दिवशी आगटेबाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिले, तर बाई मान वर न करता म्हणाल्या, "पालकांनी ऑफिसात भेटायचं."

"मी विद्यार्थिनी आहे, मॅडम."

"मग दारात काय उभ्या आहात? आत या. उशीर दोघींनाही होतोय."

आमची ओळख झाली ती अशी.

कायद्याच्या विद्यार्थ्याला वकिलाच्या कार्यालयात काही आठवडे काम शिकावे लागते, त्याला इंटर्नशिप म्हणतात. महाविद्यालयात हे काम बाईच पाहतात. दुसऱ्या वर्षात असताना मी शिवाजीनगरच्या एका कार्यालयाकडे अर्ज केला. ते फक्त शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी घेत. जूनमध्ये मी तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षात असेन असे मी लिहिले होते आणि ते खरेही होते. होकाराचे पत्र आले तेव्हा पतींनी ते दोनदा मोठ्याने वाचले.

मार्चमध्ये ते गेले. छातीत दुखले, आणि दोन तासांत सगळे संपले. माझी परीक्षा राहिली. कारखान्याचे क्वार्टर सोडून मी बिबवेवाडीला भावाकडे आले. जूनमध्ये मी दुसऱ्याच वर्षात असणार होते, आणि हातातले पत्र तिसऱ्या वर्षासाठी होते.

भाऊ म्हणाला, "अगं ताई, कोण विचारतंय वर्ष? गुपचूप जाऊन बस."

मला ते जमेना. ही जागा गेली तर मी शिक्षण सोडणार, हे मनात ठरले होते. चार रात्री बसून मी त्या कार्यालयाला चार पानी पत्र लिहिले. प्रत्येक दिवसाचे कारण दिले, शेवटी क्षमा मागितली, मृत्यूचा दाखला जोडला आणि ते बाईंना दाखवायला नेले.

बाईंनी उभ्यानेच वाचले. "हा विलंब माफीचा अर्ज झालाय. मुदत टळली की कोर्टात देतात तसला. तुमच्याकडून काही गुन्हा झालाय का?"

"नाही मॅडम."

"मग माफी कशाची? आणि हा दाखला घरी ठेवा. यजमानांना तुमच्या अर्जात साक्षीला उभं करू नका."

बाईंचे बोलणे असेच असते. अनेकांना ते लागते. मला त्या दिवशी बरे वाटले, कारण दोन महिने सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

मग त्यांनी कोरा कागद दिला. दाव्यासोबत तारखांचा तक्ता देतात, डावीकडे तारीख, उजवीकडे घटना. शिक्षणात खंड पडलेल्या प्रत्येकाकडून बाई तसाच तक्ता करून घेतात. विशेषण एकही चालत नाही. शेवटची ओळ मात्र पुढच्या तारखेची हवी, आणि ती पाळता येईल अशी हवी. खाली तीनच वाक्ये लिहायची. काय बदलले, काय बदलले नाही, आता काय हवे आहे.

मी प्रवेशाची तारीख लिहिली, पहिल्या वर्षाच्या निकालाची लिहिली, आणि थांबले. पती गेले ती तारीख तोपर्यंत मी स्वतःच्या हाताने कुठेच लिहिली नव्हती. सगळे फॉर्म भावाने भरले होते. पलीकडच्या टेबलावर बाई पेपर तपासत बसल्या. त्यांचा तास होता. शिपायाला सांगून त्यांनी वर्ग पुढे ढकलला. तासाभराने मी ती ओळ लिहिली. त्यापुढची फेरपरीक्षेची ओळ दोन मिनिटांत झाली.

"आजच पाठवा," बाई म्हणाल्या. "तारीख बदलली की समोरच्याला त्याच दिवशी कळवायचं. वकिलीत आणखी असतं काय?"

चौथ्या दिवशी कार्यालयातून बोलावणे आले. वकीलसाहेबांनी तक्ता पुढे ठेवला.

"आम्ही तिसऱ्या वर्षाचेच घेतो. कळवलंत कशाला? आम्हाला समजलंही नसतं."

"समजलं असतं, साहेब. कॉलेजच्या पत्रावर वर्ष असतं."

ते हसले. "म्हणजे हा प्रामाणिकपणा नाही, धोरण आहे!"

"दोन्ही आहे," मी म्हणाले. असे उत्तर मी आधी कुणाला दिले नव्हते.

त्यांनी नियम बाजूला ठेवला. त्या जूनमध्ये चार आठवडे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायला सांगितले. रस्त्यावर येऊन बाईंना फोन केला.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "फेरपरीक्षेचा फॉर्म भरलात का? उद्या शेवटची तारीख आहे."

भरला नव्हता. दुसऱ्या दिवशी भरला, उत्तीर्ण झाले, आणि वकिलीची सनद मिळाल्यावर त्याच कार्यालयाने मला टेबल दिले. आज सकाळी मंजूर झालेला अर्ज मी एकटीने चालवला होता.

माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कुणी आजारपणाने मागे राहिले, कुणी स्पर्धा परीक्षेकडून परत वळले, कुणी बाळंतपणानंतर पुन्हा आले. त्यांतले कितीतरी आज काळा कोट घालून न्यायालयात ताठ उभे राहतात. हे यश बाईंचे आहे. त्या ते मान्य करणार नाहीत, म्हणून इथे छापून ठेवत आहे.

बाई आता निवृत्त होत आहेत. त्यांच्या गुडघ्यांना आराम मिळो, नजर अशीच तेज राहो, आणि शंभराव्या वर्षीही आमच्या अर्जांतल्या चुका त्यांनाच आधी सापडोत.

लेख पाकिटात घातला. उद्या पुन्हा न्यायालयात जायचे आहे. गळ्याचे पांढरे बँड धुतले, पिळले आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातले.