‘पाहिले’ म्हणजे मंजूर नव्हे

उखा आबा गेल्याची बातमी मला ब्राह्मणपुरीच्या शाळेत कळली. चौथीचा वर्ग शुद्धलेखन लिहीत होता आणि मी नेहमीप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घांवरून चिडलेलो होतो. प्रकाश्याचा एक ओळखीचा भोई बाजाराला निघाला होता, तो दारातच थांबला, डोक्याचं फडकं काढलं आणि म्हणाला, "मास्तर, उखा आबा गया. सकायलेच." मी खडू खाली ठेवला. त्या क्षणी मनात पहिलं काय आलं ते सांगून टाकतो. मनात आलं, आता त्या होडीचं काय? इतक्या वर्षांचा स्नेही जातो आणि आपल्याला चिंचेला साखळीनं बांधलेली लाकडाची होडी आठवते, याची मला लाज वाटली. पण प्रकाश्यात ज्यांनी आबाला ओळखलं, त्यांना यात काही विचित्र वाटणार नाही. आणि ती होडी ज्या एका शब्दापायी सात वर्षं अडकून पडली, तो शब्द आबाला वाचून दाखवणारा मीच होतो. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

उखाजी पाटील हे प्रकाश्याचे बऱ्यापैकी शेती असलेले गृहस्थ. बोलणं कमी, अक्षरओळख सहीपुरती, आणि कागदाबद्दल मनात विलक्षण आदर. मी तेव्हा प्रकाश्याच्या शाळेवर होतो. त्यांची एकुलती एक लेक, सोनी, तापीच्या पलीकडच्या गावात दिलेली. घर इतकं समोर, की संध्याकाळी तिकडच्या चुलींचा धूर इकडून दिसायचा. पण नदी भरली की पाण्यातून चालत जायची उतारावरची वाट बंद. नाव चालायची ती चार कोसांवर, दुसऱ्याच गावाला. श्रावणात सगळ्या गावाच्या लेकी माहेरी यायच्या आणि सोनी पलीकडच्या काठावर उभी राहून पदर हलवायची. इकडून आबा उपरणं हलवायचे. एका श्रावणात आबा तिथून सरळ माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, एक नाव बांधनी शे. कागद करा."

कागद म्हणजे करारनामा. नाव आबांची, चालवणार गावचे भोई, आणि या उतारावर माणसं ने-आण करण्याची परवानगी सरकारची. मी तीन रात्री खपून मसुदा लिहिला. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, सगळं नीट मांडलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याचा मला गर्वही होता. पुढे एक साहेब फिरतीवर आले. कोणत्या कचेरीचे ते लिहीत नाही. ते केव्हाच बदलून गेले आणि त्यांचा दोष एवढाच, की ते भले होते. काठावरच्या चिंचेखाली खुर्ची टाकून त्यांनी आमचा करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, "अक्षर कोणाचं?" म्हणून विचारलं, आणि समासात तांबड्या शाईनं एक शब्द लिहून खाली सही केली. आबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्यापुढे धरला. "काय लिखेल शे, मास्तर?"

लिहिलं होतं, ‘पाहिले’.

मी म्हणालो, "सायेबनी सही हुई गयी, आबा. काम झायं."

एवढंच. वर्गात मुलानं एक शब्द गाळून वाचलं तर मी छडी उगारतो. आणि इथे साहेबाच्या सहीला, तांबड्या शाईला, स्वतःच्या अक्षराच्या कौतुकाला भुलून तो एकुलता एक शब्द मी गाळला. वाचला होता, पण ऐकला नव्हता.

आबांनी तळोद्याच्या वखारीतून साग आणला, सुतार बसवला, आणि पुढच्या पावसाआधी नाव पाण्यात घातली. त्या श्रावणात सोनी माहेरी आली. नाव काठाला लागली तेव्हा आबा गुडघाभर पाण्यात उभे होते आणि तिनं उडी मारण्याआधीच त्यांनी तिला लहान पोरीसारखं उचलून घेतलं. दुसऱ्या श्रावणातही ती आली, कडेवर धाकटं मूल घेऊन. दोन वर्षं गावाला, पलीकडच्या गावाला, देवळात येणाऱ्या यात्रेकरूंना नावेची अशी सवय झाली, जशी काही ती नदीबरोबरच आली होती.

मग एक दिवस एक कारकून आला. "ही नाव कोणाच्या मंजुरीनं चालते?" आबांनी घरात जाऊन पितळी डब्यातून कागद आणला. कारकुनानं तो उलटसुलट केला आणि हसला. मला ते हसू अजून दिसतं. म्हणाला, "पाटील, हे तर ‘पाहिले’ आहे. साहेबांनी पाहिलं. ‘मंजूर’ कुठंय?" आबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. त्याच दुपारी पंचनामा झाला. नाव वर ओढून चिंचेला साखळीनं बांधली, साखळीला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, आणि कागदावर ‘पुढील हुकूम होईपर्यंत’.

पुढचा हुकूम कोणी द्यायचा, याचा शोध म्हणजे आबांची उरलेली सात वर्षं. मी बहुतेक वेळा बरोबर असायचो, अर्ज लिहायला. कारकून म्हणायचा, माझं काम कागद सादर करणं. त्याच्या वरचा म्हणायचा, मी फक्त शिफारस करतो. साहेब म्हणायचे, मला अधिकार असता तर आत्ता दिली असती हो, पण हे वरच्या कचेरीचं आहे. वरच्या कचेरीत सांगायचे, खालून शिफारशीसह येऊ द्या. खाली आलो की शिफारस करणारा बदलून गेलेला. एकदा कळलं की कमिटीचा ठराव लागतो. ठराव झाला, तर तो पुढच्या सभेत कायम व्हायला हवा, आणि पुढची सभा भरेचना. मग लढाई सुरू झाली आणि सगळ्यांना एक नवं कारण मिळालं. प्रत्येक जण आबांशी गोड बोलायचा, पाणी द्यायचा, बसायला सांगायचा. कोणी ‘नाही’ म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं! ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारसुद्धा त्यांच्यातल्या एकालाही नव्हता. परतीच्या गाडीत मी तोंडाला येईल ते बोलायचो. आबा ऐकून घ्यायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "कोनतरी व्हईच ना, मास्तर. मंजूर करनारा कोनतरी व्हईच."

या हिंडण्यातून त्यांना एक खोडच लागली. गावात कोणीही कोणाशी काही ठरवलं, बैलजोडीची अदलाबदल असो की बांधावरच्या झाडाची वाटणी, आबा पहिलं विचारायचे, "हाई तू बोली ऱ्हायना, पन तुन्हं चालस का?" शब्द चालतो तो त्याचाच का, हे कळल्याशिवाय पुढे बोलणंच नाही. गावकरी हसायचे, मग हळूहळू तेही विचारू लागले. सोनीच्या थोरल्या लेकीच्या सोयरिकीच्या वेळची गंमत तर सगळ्या प्रकाश्याला ठाऊक आहे. मुलाचा बाप, काका, आजा, सगळ्यांनी पसंती दिली, सुपारी फोडायचं ठरलं. आबा सोनीला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या समदासनी फक्त देखं. मंजूर पोऱ्यानी माय करी. तिले कोनी इचारं का?" कोणी विचारलं नव्हतं. तिला विचारलं, आणि तिनं साफ नकार दिला. आबांना त्या दिवशी आनंद झाला असावा असा मला संशय आहे. निदान एका ठिकाणी तरी अधिकार कोणाचा ते त्यांना अचूक सापडलं होतं.

पण मला खरा राग आबांचाच यायचा. नाव डोळ्यांपुढे होती, साखळी तोडायला एक घण पुरला असता. भोई तयार होते. आबा म्हणायचे, "सरकारनं सील शे. हात लावाना नही." जप्त नावेला तेल लावू द्यावं म्हणून त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला होता. त्याचंही उत्तर आलं नाही, तर हा माणूस तेलसुद्धा लावेना! उन्हानं लाकूड तडकेल म्हणून रोज चिंचेखाली जाऊन बसायचा, सावली सरकली की आपलं उपरणं नावेच्या नाकावर टाकायचा. सोनी पुन्हा पलीकडून पदर हलवू लागली. आणि या सगळ्यात त्यांनी मला एकदाही, एका शब्दानंही दोष दिला नाही... एकदा तरी बोलायला हवं होतं. "मास्तर, तुम्ही नीट वाचं नही," एवढं म्हणाले असते तर मी आज जरा हलका असतो.

बातमी कळल्यावर मी शाळा सोडून प्रकाश्याला गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. नदीला पाणी होतं, सोनीला चार कोसांचा वळसा घालून यावं लागलं आणि बापाचं तोंड तिला दिसलं नाही. ती रडत नव्हती, ओट्यावर नुसती चिंचेकडे तोंड करून बसली होती. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. आबांची बायको, आमच्या वहिनी, सात वर्षांत या नावेबद्दल कधी चकार शब्द न काढणारी बाई. त्या मडकं हातात घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "काठवरून नही. मझारमा सोडनं शे. त्यासनी नावमाईन."

मग सवयीनं, अगदी मूर्खासारखा, मीच बोललो, "पन वयनी, मंजुरी?"

"मी दिनी," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, नाव सात वर्षं कोरडी आहे, फळ्या फाटल्या असतील, बुडेल. वहिनी म्हणाल्या, "काब्र फाटतीन? दर वैशाखले मी तेल लावस. ते बाजारले जायेत ना, तवय." मी विचारलं, आबांना माहीत होतं? "त्यासले सांगं असतं, ते त्यासनी कोन्ले तरी इचारं असतं."

भोयांनी घण उचलला तर वहिनींनी हात आडवा केला. "सीलले हात लावाना नही. ते म्हनी गयात ना." त्यांनी नावेच्या नाकावरची लोखंडी कडी दाखवली. साखळी त्या कडीत होती. भोयांनी कडीचे खिळे उपटले. साखळी, कुलूप, सील, सगळं जसंच्या तसं चिंचेला राहिलं आणि नाव मोकळी झाली. रात्रभर तिला काठाच्या पाण्यात भिजत ठेवलं. सकाळी बसलो तर तळाशी ओंजळभर पाणी होतं, तेवढंच. मधोमध गेल्यावर सोनीनं मडकं सोडलं. परत येताना मी नावेच्या फळीवर हात ठेवून बसलो होतो आणि हाताला तेल लागत होतं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण महिन्याभरात वहिनींना नोटीस आली. ‘जप्त नाव कोणाच्या मंजुरीने हलविली, याचा खुलासा करावा.’ मी पुन्हा लिहायला बसलो. खूप काही सुचत होतं, सात वर्षांचं. वहिनी म्हणाल्या, "जास्त लिखू नका." मग दोनच ओळी लिहिल्या. कुलूप व सील जागेवर शाबूत आहे. नाव घरच्या माणसाच्या मंजुरीने हलविली. खाली वहिनींची निशाणी घेतली, बांगडीची.

गेल्या आठवड्यात तो कागद परत आला. मी प्रकाश्यातच होतो. वहिनींनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, अगदी आबांसारखा. समासात तांबडी शाई होती. "काय लिखेल शे, मास्तर?"

या वेळी मी एकेक अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं. "‘पाहिले’," मी म्हणालो.

"मंजूर नही?"

"नही, वयनी. नुस्तं देखं."

वहिनींनी कागद घडी करून पितळी डब्यात पहिल्या कागदावर ठेवला. बाहेर भोई हाक मारत होता, आबांची नाव माणसांनी भरली होती आणि सोनीला पलीकडे परतायचं होतं. चिंचेखालून जाताना तिनं ती साखळी हातानं बाजूला केली. कुलूप अजून लागलेलंच आहे.