एप्रिलमधली खरड छाटणी

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. इतकी वर्षं एकत्र काढली, पण नाही सांगितली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तरीही जीभ जड होतेय, बघा.

नव्वदच्या दशकात मी बहरीनला होतो. सलमाबादमध्ये एसी दुरुस्तीच्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर. मालकाला आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो. बुसैतीनला त्याच्या घरामागे त्यानं मला एक खोली दिली होती, आणि पुढच्या अंगणात मांडवावर एक द्राक्षाची वेल होती — अर्बाबच्या आईनं लावलेली. म्हातारीला डोळ्यांनी फारसं दिसत नसे. सकाळी ती मांडवाखाली खुर्ची टाकून बसायची आणि हात वर करून घड चाचपायची. त्यातच तिचा वेळ जायचा.

बाग बघायचे इस्माईलचाचा. रायगडातले, महाडकडचे, साठीला टेकलेले. त्यांचा व्हिसा अर्बाबच्या हातात होता, आणि तो गेला तर या वयात दुसरीकडे कोण देणार? घरात मराठी बोलायला आम्ही दोघंच. माझ्या बायकोची पत्रं मी त्यांना वाचून दाखवायचो. मुलीनं खाली काढलेली वेडीवाकडी चित्रंसुद्धा.

आणि मी? मी निफाडचा, द्राक्षाच्या बागेत वाढलेला. त्या वर्षी बायको-मुलीच्या व्हिसाचे कागद अर्बाबच्या सहीसाठी पडून होते. तीन वर्षं मी त्यांना पाहिलं नव्हतं. अर्बाबच्या नजरेत भरायला हवं, असं सारखं वाटायचं — पण मला येत काय होतं? द्राक्षं. तेवढंच.

एप्रिल लागला. आमच्याकडे मार्चअखेर बाग रिकामी होते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी — सगळ्या काड्या एका डोळ्यावर, फुटीची एकच गाठ राखून, कापायच्या, म्हणजे पुढचं पीक जोमानं येतं. लहानपणापासून हातात बसलेलं काम. इथल्या वेलीवर तेव्हा वाटाण्याएवढे हिरवे मणी होते. मला वाटलं, हे उशिराचे घड, उन्हानं जळून जाणारच. इथं घड धरतातच मुळी आता, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. चाचांनी सांगितलं होतं ना! "भाऊ, ही वेल हितली हाय, तुमच्या नाशकातली नाय. जानेवारीतच कापायची. आता हात लावू नका." मी हसलो होतो. कोकणातला माणूस मला द्राक्षं शिकवणार?

शुक्रवारी अर्बाब आणि चाचा दोघंही जुम्म्याच्या नमाजला गेले. मी चाचांची कात्री घेतली. तासाभरात वेल बोडकी केली. खरं सांगू? फार आनंद झाला होता कापताना. घरी असल्यासारखं वाटत होतं.

मग म्हातारी बाहेर आली.

तिनं हात वर केला. काहीच लागलं नाही. हात मांडवाच्या दांड्यावरून पुढं गेला, आणखी पुढं — सगळीकडे नुसती लाकडं. "वेन? वेन?" म्हणाली ती. कुठाय, कुठाय. अंधारात लेकरू हरवल्यासारखी. मी कोपऱ्यात उभा होतो, कात्री पाठीमागे धरून, घाबरलेला. कशाची भीती होती ती? तिच्या दुःखाची? नाही. सहीची. मला डोळ्यांसमोर फक्त तो कागद दिसत होता.

आता जे सांगायचं ते हेच आहे, आणि मी इतका वेळ नाशिक आणि एप्रिल करत बसलोय. कात्री मी पुसली आणि चाचांच्या पेटीत ठेवली. कापलेल्या काड्या ओढून त्यांच्या ढकलगाडीत भरल्या. अजून मला कुणी काही विचारलंही नव्हतं! म्हणजे तेव्हाच माझं ठरलं होतं का? स्वतःला विचारलंय हे मी अनेकदा. उत्तर माहीत आहे, म्हणूनच पुन्हा पुन्हा विचारतो.

अर्बाब आला. आईला रडताना बघून त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "किसने काटा?"

"चाचा ने," मी म्हणालो. तुम्ही गेल्यावर, स्वतः नमाजला निघायच्या आधी, हे वर जोडूनही दिलं.

चाचांना बोलावलं. "मैं नहीं काटा, अर्बाब," एवढंच ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. आठ दिवसांत त्यांचा व्हिसा रद्द झाला. ते निघाले त्या दिवशी मी स्टॉक मोजायचाय म्हणून वर्कशॉपातच थांबलो. सगळा स्टॉक आदल्याच दिवशी मोजून झाला होता.

सही झाली. जूनमध्ये बायको आणि मुलगी आल्या. मुलगी मला ओळखेना, मग दोन दिवसांनी मांडीवर बसली. तिला उचलून घेतानाही मला धाक असायचा — आता चाचांचं पत्र येईल, आता अर्बाब हाक मारेल. दारावर थाप पडली की मी आधी खिडकीतून बघायचो. पत्र काही आलं नाही.

पुढच्या वर्षी वर्कशॉपात फोन आला. आवाज चाचांचा होता. वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"भाऊ, पोरगी आली ना? बरी हाय ना?" मी हो म्हणालो. मग म्हणाले, "मला परत नाय यायचं. पण म्हातारीला तेवढं सांगा, तिची वेल मी नाय कापली. तिला तसं वाटायला नको."

"इंशाल्ला, चाचा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

म्हातारी त्यानंतर चार वर्षं जगली. रोज सकाळी कामाला जाताना मी तिच्या समोरून जायचो. माझ्या पावलांचा आवाज ओळखून ती सलाम करायची, मी सलाम घ्यायचो, आणि बसला उशीर होईल म्हणून पुढं निघायचो.