बालाघाटचे पोलादी पापड

लोखंडाच्या कामात दोन गोष्टी रोज साचतात. एक कीस, दुसरे किस्से. कीस संध्याकाळी झाडून टोपल्यात भरता येतो. किस्से मात्र राहिले ते राहिलेच, आणि चार जुने लोक जमले की अंगाला चिकटून घरापर्यंत येतात. परवा मध्य प्रदेशातल्या बालाघाटला एका लग्नात आम्ही वर्कशॉपचे उरलेसुरले तिघे-चौघे भेटलो. पंगत उठली तरी आम्ही काही उठेना. शेवटी वाढपी वैतागून म्हणाला, "बाबूजी, हात तर धुऊन घ्या!"

तेव्हा म्हटलं, आता हे लिहूनच काढावं.

आमचं वर्कशॉप होतं बालाघाटजवळच्या एका मँगनीजच्या खाणीचं. मी तिथे ट्रेसर, म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या ड्रॉइंगवर पातळ कागद ठेवून गिरवणारा. मूळचा लांजीचा, आडनाव बोरकर, मॅट्रिकला इंग्रजीत बरे मार्क. एवढ्या भांडवलावर मला पुढे दुभाषा व्हावं लागलं!

बासष्टच्या लढाईनंतर आमच्या काळ्या दगडांना एकदम मान आला. मँगनीजशिवाय कणखर पोलाद नाही आणि पोलादाशिवाय तोफ नाही, हे तोवर आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. दिल्लीहून हुकूम आला, माल वाढवा. त्यासाठी चेकोस्लोव्हाकियाहून एक भलामोठा कॉम्प्रेसर आला. खाली खाणीत दगडाला भोकं पाडणारी ड्रिलं चालायची ती ह्याच्याच हवेवर. तो थांबला की खाण थांबली.

मशीन शिकवायला तिकडचाच एक इंजिनियर दोन वर्षांसाठी यायचा होता. मॅनेजरसाहेबांनी आमच्या हेडफिटरना, मेश्रामदादांना, आधीच सांगून टाकलं, "मशीन आणि त्याचे पार्ट तुम्हाला इथे जमले तर वर्कशॉप राहील. नाहीतर कुलूप! माणसं जातील जिकडे जागा असेल तिकडे."

मेश्रामदादा नागपूरला दीक्षा घेऊन परत आले त्याच वर्षी ह्या वर्कशॉपात हेल्परचे फिटर झाले होते. ते बाहेर येऊन आम्हाला एवढंच म्हणाले, "ज्या हाताले गावात कोणी वरून पाणी वाढे, त्या हातात इथं मायक्रोमीटर आला. हे दुकान मी बंद होऊ देत नाही, बापा."



*

नागपूरहून फोन आला, "चेक गोंदियाहून छोट्या गाडीनं निघालाय. जपून उतरवून घ्या."

फोन घेतला कॅशियरनं. कॅशियर म्हणजे जन्मजात सावध माणूस. तो बंदूकवाला चौकीदार आणि कुलपाची पेटी घेऊन स्टेशनवर हजर!

गाडी आली. नॅरोगेजच्या त्या चिमुकल्या डब्यातून आधी एक बूट बाहेर आला, बऱ्याच वेळानं गुडघा आला, आणि मग उरलेला साडेसहा फुटी गोरा माणूस आला. समोर बंदूक पाहून त्यानं दोन्ही हात वर केले.

कॅशियर त्याच्या काखेखालून डब्यात डोकावत ओरडला, "चेक कुठी हाये?"

त्या माणसाचा चेहरा खुलला. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "चेक! चेक!"

कॅशियर चौकीदारावर खेकसला, "अबे, याले बाजूले कर! मले पहिले चेक पाहू दे!"

*

साहेबांचं नाव होतं यारोस्लाव. मेश्रामदादांनी तीनदा जोर लावला, पण तिन्ही वेळा गाडी 'यार'वरच थांबली. शेवटी त्यांनी हाक मारली, "ओ यार!"

मॅनेजरसाहेब पांढरेफटक पडले. "विदेशी मेहमान को यार बोलते हो? कम से कम पीछे साहब तो लगाओ!"

लावलं. ते यारसाहेब झाले ते कायमचे. त्यांनी मला 'यार'चा अर्थ विचारला, मी सांगितला. दुसऱ्या दिवसापासून ते मॅनेजरसाहेबांनाच "गुड मॉर्निंग, यार" म्हणायला लागले!

*

कॉम्प्रेसरच्या पोटात व्हॉल्व्ह असतात, आणि त्या व्हॉल्व्हमध्ये पोलादाच्या पातळ, गोल चकत्या. हवा आत-बाहेर होते तशा त्या दिवसभर फडफडतात आणि थकल्या की फुटतात. जनाबाईनं त्यांचं नाव ठेवलं 'पापड'. जनाबाई म्हणजे माल निवडणाऱ्या बायांची मुकादम. तिच्या तोंडाला लागायची वर्कशॉपात कोणाची टाप नव्हती. तिनं म्हटलं पापड की सगळ्यांचे पापड!

हे पापड परदेशातून यायचे. एकदा शिल्लक संपत आली म्हणून आमच्या स्टोअरकीपरनं नागपूरच्या ऑफिसला तार ठोकली, 'पापड खतम. तुरंत भेजो.'

तिथे कारकून नवीन होता. आठवड्यानं एक पार्सल आलं. आत मुगाचे, उडदाचे, मिरीचे असे पापड नीट बांधलेले आणि वर चिठ्ठी, 'तांदळाचे आपल्याकडे होत असतीलच, म्हणून पाठविले नाहीत.'

*

खरे पापड होते जहाजात. त्यातच पासष्टची दुसरी लढाई सुरू झाली. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून गंभीरपणे सांगितलं की जहाज समुद्रात अडकलं आहे.

आता आमच्यापैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. वैनगंगेला पूर आला की पल्याड दिसत नाही, तेवढाच आमचा समुद्र. जनाबाई मागून म्हणाली, "अडकलं तं एवढं काहून घाबरता? दोन बैलबंड्या पाठवा, माल उतरवून घ्या!"

बाया हसल्या. यारसाहेबांनी विचारलं, काय झालं? मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या देशालाही समुद्र नाही. माझी आई हेच म्हणाली असती."

मी ते जनाबाईला सांगितलं. ती पदर सावरत म्हणाली, "मंग सोयरेच झालो ना! इचारा त्याईले, माय काय करते?"

*

जहाज काही सुटेना, तेव्हा मेश्रामदादांनी पापड इथेच करायला घेतला. यारसाहेबांची परीक्षा साधी होती. पापड हातातून फरशीवर सोडायचा आणि कान द्यायचा. 'टण्ण' वाजला तर पास. 'थप्प' वाजला की ते उचलून सरळ खिडकीबाहेर फेकायचे. तोंडानं एक वाईट शब्द नाही. "अगेन," म्हणायचे, आणि स्वतः बाह्या वर करून पुन्हा भट्टीशी उभे राहायचे. पोलाद किती तापवायचं, कोणत्या रंगावर तेलात सोडायचं, हे त्यांनी दादांचं मनगट धरून शिकवलं. खिडकीबाहेर मात्र महिनोन् महिने थप्प, थप्प, थप्प!

पुढे दादांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. मीही होतो. यारसाहेब खाली बसले आणि त्यांची नजर चुलीकडे गेली. पाण्याच्या गडव्यावर पापड. दुधाच्या गंजावर पापड. लोणच्याच्या बरणीवर छोट्या मापाचा पापड! नापास झालेला सगळा माल दादांच्या घरी झाकणं होऊन बसला होता. दादा शरमेनं मान वर करीनात.

वहिनी वाढता वाढता मला म्हणाल्या, "भाऊ, साहेबाले सांगा, आणखी दोन मोठे फेका म्हणा. डेचकीले झाकण नाई."

मी भाषांतर केलं. यारसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग दादांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सॉरी, मादाम. आता हा फार चांगलं काम करतो. आता झाकण मिळणार नाही."

दादांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "तिखट जास्त झालं वाटते." भाजी तर अजून वाढलीच नव्हती!

*

यारसाहेबांची एक सवय आम्हाला कधी कळली नाही. ते काहीही सांगत ते दोनदा-तीनदा सांगत. "हा बोल्ट असा आवळ" म्हणाले आणि समोरच्यानं मान डोलावली, की ते पुन्हा पान्हा हातात घेऊन करून दाखवत. पुन्हा विचारत, कळलं? पुन्हा मान डोलली, की खडू घेऊन फरशीवर चित्र काढत. आम्हाला वाटे, त्यांच्या देशात अशीच पद्धत असेल. पण त्यामुळे झालं काय, की आमचा साधा खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा गडीसुद्धा कॉम्प्रेसर डोळे झाकून उघडायला शिकला.

निरोपाच्या समारंभात ते इंग्रजीत बोलायला उभे राहिले, बाजूला मी दुभाषा. म्हणाले, "मी पुष्कळ देशांत मशीनं बसवली. सगळीकडे कामगार 'येस, येस' म्हणतात आणि त्यांना काही कळलेलं नसतं. बालाघाटचा कामगार एकदासुद्धा 'येस' म्हणाला नाही. मी काहीही सांगितलं, की तो विचारतो, 'हाऊ?'"

मी थिजलो. दोन वर्षं हे लोक 'हौ' म्हणून होकार देत होते, आणि हा देवमाणूस प्रत्येक होकाराला प्रश्न समजून उत्तर देत होता!

आता हे भाषांतर करायचं कसं? मी घसा खाकरून म्हणालो, "साहेब म्हणतात, तुम्ही लय चांगले शिकलात. खरं आहे ना?"

अख्खं वर्कशॉप एका सुरात ओरडलं, "हौ!"

आणि यारसाहेब खडू घेऊन फळ्याकडे वळले!

हसण्यावारी सांगतो आहे, पण त्या माणसाचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. करारात मशीन चालवायला शिकवणं एवढंच होतं. हातचं राखून शिकवलं असतं तर आम्ही जन्मभर त्यांच्या दारात पार्ट मागत उभे राहिलो असतो. त्यांनी सगळं दिलं, आणि तेही पुन्हा पुन्हा दिलं.

*

आता वर्कशॉपचं कुलूप टळलं कसं ते ऐका.

यारसाहेब गेले आणि पावसाळा सरल्यावर दिल्लीहून एक कर्नलसाहेब तपासणीला आले. पार्ट इथे होतात की नाही ते पाहायचं आणि वर्कशॉप ठेवायचं की नाही ते ठरवायचं. सगळं त्यांच्या एका सहीवर होतं. 

पापड आता 'टण्ण' वाजत होते, अडचण वेगळीच होती. त्यासाठी लागणारं पोलाद बाजारात मिळत नव्हतं. दादा होते इथून जवळच्याच कटंगीचे. कटंगीच्या रस्त्याला तेव्हा असे खड्डे, की बसच्या कमानीचे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचे, पट्टे सारखे तुटायचे. ते पोलाद दादांना नेमकं हवं तसं. त्यांचा साळा तिथे बसचा मेकॅनिक. तो तुटके पट्टे बसच्याच टपावर टाकून पाठवायचा.

मॅनेजरसाहेबांनी हे ऐकून कपाळावर हात मारला. "फौजेच्या कामाला भंगार! विचारतील तेवढंच बोला, मेश्राम. जास्त एक शब्द नको."

कर्नलसाहेब आले. कॉम्प्रेसर धडधडत होता, पावसाळाभर एकदाही थांबला नव्हता. त्यांनी एक पापड उचलला, वाकवून पाहिला, फरशीवर सोडला. टण्ण!

"बहुत बढ़िया! किस देश का है?"

आमच्याकडे देश विचारला की माणूस आपलं गाव सांगतो. दादा ताठ उभे राहून म्हणाले, "कटंगी का, साहब."

"कटांगा!" कर्नलसाहेब एकदम खूश. "अरे, मैं तो शांतिसेना के साथ साल भर वहीं था!"

मी पेपर वाचणारा माणूस. आफ्रिकेत कटांगा नावाचा खाणींचा मुलूख आहे आणि आपली फौज तिथे शांतता राखायला गेली होती, हे मला ठाऊक होतं. दादांना नव्हतं.

"आप कटंगी में थे?" दादांचा चेहरा फुलला. "किसके घर?"

"घर कहाँ, तंबू में! और रास्ते तो… तौबा!"

"रास्ते अभी भी वैसेच हैं, साहब!"

"और लड़ाई-झगड़ा? थमा कुछ?"

दादा विचार करून म्हणाले, "बाजार के दिन थोड़ा होता है."

मॅनेजरसाहेबांनी डोळे मिटून घेतले. कर्नलसाहेबांचा चेहरा मात्र गंभीर झाला. त्यांनी खिशातलं पेन काढलं. "मैनेजर साहब, माल अगर वहीं से आना है, तो आपकी वर्कशॉप किस काम की? जहाज़ से कितने दिन लगते हैं?"

कुलूप समोर दिसायला लागलं.  दादा एक पाऊल पुढे आले.

"जहाज नहीं, साहब, बस से आता है. बस चलती रही तो नहीं आता. रास्ते में कमानी टूटी, कि पट्टा आता है. मेरा साला भेजता है. उसका पापड मैं यहाँ बनाता हूँ, इस हाथ से."

कर्नलसाहेबांनी हातातला पापड उलटा-सुलटा केला. कोपऱ्यातल्या तुटक्या पट्ट्यांच्या ढिगाकडे पाहिलं. भट्टीकडे पाहिलं. दादांच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग कागद कॉम्प्रेसरच्या चौथऱ्यावर ठेवून त्यांनी सही केली आणि तो कागद मॅनेजरसाहेबांना न देता दादांच्या हातात दिला.

जीप सुरू झाली. थोडी पुढे जाऊन थांबली. कर्नलसाहेबांनी बाहेर डोकं काढून हाक मारली, "मैनेजर साहब! वो कटंगी का रास्ता ठीक मत होने देना!"