पांढरी एकचा सा

एका हाताने भाता, दुसऱ्या हाताचं बोट एकाच पट्टीवर, एक डोळा मिटलेला. मध्येच कुणी बोललं की भात्याचा हात सुटून बोलणाऱ्याच्या तोंडासमोर आडवा. जुन्या जालन्यात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे आमचे शेजारी काका असे बसलेले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. तो हात तहसीलदारालाही आडवा जाई आणि माझ्यासारख्या शाळामास्तरालाही. निजामाच्या अमलात एवढी समता मला दुसरीकडे आढळली नाही.

"कान म्हन्तो ते खरं," काका म्हणत. "बाकी समदा थाट."

एकदा नाताळाआधी चर्चची विलायती पायपेटी त्यांच्याकडे सफाईला आली. काकांनी गांधार वाजवला आणि तोंड कडू केलं. "मास्तर, एवढी दुरून आली, अन् गांधार चढलेला!" मग कुणी न सांगता त्यांनी आतल्या सुरांच्या पितळी जिभल्या कानशीने खरवडल्या आणि पांढरी एकला, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला, सा धरून सगळे सूर आपल्या कानाला पटतील असे लावले.

नाताळाला पहिलं गीत पांढरी एकपासून झालं. काका मागच्या बाकावर मान डोलवत होते. दुसरं पांढरी दोनपासून सुरू झालं, आणि तिथला पंचम तेल न घातलेल्या बिजागरीसारखा ओरडला. गाणारे थांबले. पाद्रीसाहेबांनी शांतपणे पेटी मिटली आणि नुसत्या गळ्याने गीत पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन पाद्रीसाहेबांकडे गेले. आयुष्यभर ज्या कानावर पोट भरलं, तोच खोटा ठरला होता.

पाद्रीसाहेब इथलेच, अंबडकडचे. ते म्हणाले, "काका, आपला सा एका जागी बसतो. या विलायती गीतांचा सा गाण्यागणिक जागा बदलतो. तिथून सूर वर चढतात ते दोन पूर्ण पावलं, एक अर्धं, तीन पूर्ण, परत एक अर्धं. कुठूनबी निघा, चाल हीच. म्हणून बाराही पट्ट्यांतलं अंतर सारखं. त्यापायी जवळपास प्रत्येक सूर जरासा चुकवावा लागतो."

"जाणून?"

"जाणून."

"मंग माझा कान?"

"कान बराबर आहे. पेटी एकट्या सा ची न्हाई."

घरी येताना काका भर रस्त्यात पावलं टाकून पाहत होते: दोन लांब, एक आखूड. समोरून येणारा बैलगाडीवाला थांबून राहिला.

पुढचे आठ दिवस पाद्रीसाहेब शेजारी बसून सांगत आणि काका कानस चालवत. "जन्मभर चुका काढल्या मास्तर," ते म्हणाले, "आता मापून घालून राह्यलो." पण ती पेटी पुढे कुठल्याही पट्टीत ओरडली नाही.

स्वतःची पेटी मात्र त्यांनी पांढरी एकच्या सालाच लावलेली ठेवली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. परवा एक गवई घरी आले, पेटी पुढे ओढून बसले आणि म्हणाले, "जरा पांढरी दोनपासून घेऊ."

माझा हात त्यांच्या तोंडासमोर आडवा गेला.