झाकणावरचं नाव

माझा डबा वॉशिंग मशीनवर गेला.

बाकीचे अकरा डबे जेवणाच्या टेबलावर होते. कुणाची साबुदाण्याची खिचडी, कुणाच्या अळूवड्या. एकानं तर चक्क बेकरीतला केक आणलेला, तोही टेबलावर. माझा पाच लिटरचा स्टीलचा डबा वैदेहीवहिनींनी दोन्ही हातांत घेतला. "आली का ती प्रसिद्ध हुग्गी!" म्हणाल्या. मग झाकणाकडे बघितलं, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून विचारलं, "हे तुमच्या वडिलांचं नाव?"

"हो."

"अच्छा. अच्छा."

दोनदा म्हणाल्या. मग डबा अंगापासून हातभर लांब धरून मागच्या बाल्कनीत गेल्या. "आत फार दाटी झालीय हो. इथं ठेवते, चालेल ना?" मशीनवर फुलाफुलांचं कव्हर होतं. डबा टेकवण्याआधी त्यांनी ते काढून घेतलं.

मी म्हणालो, "चालेल की."

त्या दोन शब्दांची मला आजही सगळ्यात जास्त चीड येते.

मी थापाड्या माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं खरं वेगळं ओळखता येईल. नव्वदीची शेवटची वर्षं होती. बंगळुराजवळ बोम्मसंद्र्यात एका पंपाच्या कारखान्यात मी स्टोअरला होतो. राहायला चामराजपेटेत, अशा खोलीत की कूस बदलायची तर आधी दार उघडावं लागे. अख्ख्या कारखान्यात मराठी जाणणारे दोघंच: मी आणि भिंतीवरची पाल. पालसुद्धा दोन महिन्यांत कन्नडमध्ये चुकचुकायला लागली. रविवारी मी आरशासमोर उभा राहून स्वतःलाच विचारायचो, "काय म्हणताय? बरंय ना?" ही थाप नाही.

स्टोअरमध्ये एक कम्प्युटर होता आणि त्याला मोडेम. लाइन जोडताना ते असं किंचाळायचं की गेटवरचा वॉचमन झोपेतून उठून सलाम ठोकायचा. स्टोअरचे साहेब, त्यांना सगळे अण्णा म्हणत, जेवणाच्या सुट्टीत मला पंधरा मिनिटं तिथं बसू द्यायचे. त्या पंधरा मिनिटांत मला कट्टा सापडला. बंगळुरातल्या मराठी लोकांची ई-मेलची यादी. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. बहुतेक पुण्यामुंबईकडचे सॉफ्टवेअरवाले. मराठी रोमन अक्षरांत, सही टोपणनावाची. रोज दुपारी हजेरी लागायची ती एकाच प्रश्नानं: आज डब्यात काय?

कुणी लिही, "तोंडली. बायको रागावलीय." दुसरा लिही, "इकडेही तोंडली, पण बायको खुशीत. म्हणजे काहीतरी मागणार." के. आर. पुरमच्या एकाला तीन आठवडे गॅस सिलिंडर मिळत नव्हता, तर सगळे मिळून त्याला कच्चं काय काय खाता येतं ते सुचवत होते. बस, एवढंच. काही विशेष नाही. माझा मात्र वाचता वाचता घास हातात राहायचा.

मी सही करायचो 'गप्पीदास'. डब्यात असायचा कँटीनचा भात-सांबार. लिहायचो आईच्या हुग्गीबद्दल. खपली गव्हाची, गुळातली खीर, आमच्या निपाणीकडची. "इतकी दाट की चमचा उभा राहतो. एकदा वासानं एसटी थांबली. कंडक्टर वाटी घेऊन उतरला. ड्रायव्हर म्हणाला, मला दोन, नाहीतर गाडी इथंच!" यावर पुण्याचा अमेय लिहायचा, "गप्पीदास, तू नसतास तर मी हे शहर कधीच सोडलं असतं रे!" ती ओळ मी प्रिंटरवर काढून खोलीत चिकटवली होती.

वर्षभरानं श्रीरंगरावांनी, म्हणजे कट्टा चालवणाऱ्यांनी, सगळ्यांना रविवारी घरी बोलावलं. प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. माझ्याकडं एकमुखानं मागणी आली: हुग्गी!

मी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावून आईला बोलवून घेतलं.

"गहू रातभर भिजीव," ती म्हणाली. "एवढी कोन खानार हाय?"

"दोस्त हायत."

"कसलं दोस्त?"

"कम्प्युटरवरचे."

ती म्हणाली, "मोठ्या डब्यात न्हेशील. त्येच्यावर तुझ्या बाचं नाव हाय. झाकान दुसरं लाव, लेका."

मी हसलो. "शिकलेली माणसं हायत, आई. वरीसभर रोज बोलतोय त्यांच्याशी."

"आडनाव सांगितलंस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

"मग कसलं बोलतोयस," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

बाप गेल्यावर तिनं ते नाव कोरून घेतलं होतं. नाव, आडनाव, गाव. आमच्या भागातल्या माणसाला एवढं वाचल्यावर पुढचं विचारावं लागत नाही. घर महारवाड्यात, हे त्यातच आलं. आणि श्रीरंगरावांच्या बायकोचं, वैदेहीवहिनींचं, माहेर बेळगावचं, म्हणजे आमच्याच भागातलं.

तर डबा मशीनवर गेला, आणि मी काय केलं? दोन तास लोकांना हसवलं. एसटीचा किस्सा सांगितला, पालीचा सांगितला. एक बाई हसता हसता सोफ्यावरून घसरली. अधूनमधून बाल्कनीच्या दाराकडं बघत होतो. आता आणतील, मग आणतील.

अमेय सिगारेट ओढायला बाल्कनीत गेला, तेव्हा मी मागोमाग गेलो.

"अरे, हुग्गी इथं काय करतेय?"

"आत दाटी झालीय."

त्यानं वळून टेबलाकडं बघितलं. अजून चार डबे मावले असते. मग झाकणावरचं नाव वाचलं, माझ्याकडं बघितलं. "वाढतील रे वहिनी नंतर," म्हणाला आणि अर्धी सिगारेट विझवून आत गेला.

नंतर आइस्क्रीम वाढलं.

परत येताना बसमध्ये डबा मांडीवर. नेताना जेवढा जड, तेवढाच. एका वाटीनंही हलका झाला नव्हता.

सोमवारी तो तसाच कारखान्यात नेला. एवढी हुग्गी एकट्यानं कुठं खाणार? दुपारी मोडेम किंचाळलं आणि मेलवर मेल यायला लागल्या.

श्रीरंगराव: "मेळावा झकास! आणि गप्पीदासांची हुग्गी, अहाहा!"

सोफ्यावरून घसरलेल्या बाई: "कृती पाठवा ना प्लीज!"

अमेय: "दोन वाट्या चापल्या. चमचा खरंच उभा राहिला!"

आयुष्यभर मी थापा मारल्या. एसटी थांबवली, पालीला कन्नड शिकवलं. पण न उघडलेल्या डब्यातली खीर अकरा जणांना चाटूनपुसून खायला लावणं, एवढी सफाई माझ्यात नव्हती.

आणि सगळ्यात वाईट सांगतो. मला ते आवडलं. गोड वाटलं. मी "धन्यवाद मंडळी" टाइप करायला घेतलं. कट्ट्यानं मला जागा करून दिली होती. डबा बाहेर, गप्पा आत. आणखी वीस वर्षं आरामात बसलो असतो.

तेवढ्यात मागून अण्णा आले. "एनप्पा, स्वीट?" म्हणजे, काय रे, आज गोड?

माझा हात आपोआप गेला आणि झाकण टेबलावर पालथं घातलं. अण्णांना देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी घातलं. "सरी, सरी," म्हणत, लवकर आवर असं कन्नडमध्ये सांगून ते निघून गेले.

मी झाकणाकडं बघत बसलो. माझा बाप टेबलावर पालथा पडला होता. या वेळी कुठल्या वहिनीनं पाडलं नव्हतं. मी पाडलं होतं.

झाकण उलटं केलं. शर्टानं पुसलं. "धन्यवाद मंडळी" खोडलं आणि लिहिलं: "हुग्गी तुमच्यापैकी कुणीच खाल्लेली नाही. डबा वॉशिंग मशीनवर होता. झाकणावर माझ्या बापाचं नाव आहे म्हणून होता. मी महारवाड्यातला आहे. अमेय, तू ते नाव माझ्यासमोर वाचलंस."

मंगळवारी दुपारी कट्ट्यावर कुणाच्याच डब्यात काही नव्हतं. तोंडली नाही, बायको नाही, सिलिंडर नाही. मला एकट्याला श्रीरंगरावांची मेल होती: "जे झालं ते निव्वळ जागेअभावी. आपला कट्टा निखळ मैत्रीचा आहे, कृपया इथं जात आणू नका. गैरसमज झाला एवढं सगळ्यांना कळवा, विषय संपला. नाहीतर तुमचं नाव यादीतून काढावं लागेल."

जात मी आणली? मी हुग्गी आणली होती.

पंधरा मिनिटांतली दहा उरली होती. हे शहर मला पुन्हा मुकं करणार, रविवारी पुन्हा आरसा, हे सगळं दिसत होतं. मी कट्ट्यावर लिहिलं:

"आज डब्यात हुग्गी. रविवारचीच. आंबलीय. एकटा खातोय. चमचा उभा राहत नाही. तो कधीच राहिला नव्हता."

खाली गप्पीदास नाही. झाकण मॉनिटरला टेकवून उभं केलं. आधी माझं नाव, मग कोरलेलं सगळं अक्षर न् अक्षर उतरवलं. बाप, आडनाव, गाव.

बुधवारी यादीत माझं नाव नव्हतं. नसू दे. कट्टा कुठलाही असो, माणसं कितीही गोड असोत, इथून पुढं मी आधी झाकण वाचायला देणार. डबा त्यानंतर उघडणार.