केडगावातली शस्त्रस्पर्धा

मी नगरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि केडगावात राहतो. शेजारचे काका साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे काष्टीचे. आमचं बरं चाललं होतं. मग दारातून माझ्या नव्या चपला चोरीला गेल्या आणि मी फाटकावर कॅमेरा बसवला.

कॅमेऱ्याचं तोंड थोडं काकांच्या ओट्याकडे होतं. सकाळी ते तिथे बनियनवर बसून शेंगा फोडत. आठवड्याने त्यांच्या भिंतीवर दोन कॅमेरे दिसले, दोन्हींची तोंडं माझ्याकडे. मी बायकोला म्हणालो, "एक समजू शकतो. दोन कशाला?" आणि कुत्रा आणला. काकांनी काष्टीच्या बाजारातून टर्की कोंबडा आणला. तो घशातून असा काही खळखळायचा की माझा कुत्रा पहिल्याच दिवशी स्कूटरखाली शिरला आणि जेवणही तिथेच मागू लागला.

त्याच सुमाराला मी वर्गात सुरक्षेचा पेच शिकवत होतो. एक देश निव्वळ भीतीपोटी बचावाची तयारी करतो, शेजाऱ्याला ती हल्ल्याची वाटते, मग तोही तयारी करतो, आणि शेवटी दोघंही आधीपेक्षा जास्त घाबरलेले असतात. आमच्याच गल्लीतली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, म्हणजे तुमचा कुत्रा आणि शेजारचा टर्की." वर्ग हसला. मी फळा पुसला.

पुढचा धडा अण्वस्त्रांचा होता. दोघांकडेही सर्वनाशाची सोय असली की पहिला वार कुणी करत नाही. आमच्याकडेही तशी सोय होती. दोघांच्या घरांचे बाहेरचे जिने महापालिकेच्या गटारावर आलेले, म्हणजे तक्रार झाली की पाडले जाणार. मी काकांच्या जिन्याविरुद्ध तक्रार अर्ज लिहून ठेवला. द्यायला नाही, जवळ असावा म्हणून. बायको हळदीकुंकवाला त्यांच्याकडे जाऊन आली आणि म्हणाली, "त्यांचाही तयार आहे. फ्रीजवर लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा."

मला काकांचं कौतुक वाटलं. शस्त्र लपवून ठेवलं तर धाक कसला? मीही माझा अर्ज खिडकीच्या काचेला आतून चिकटवला, अक्षरं बाहेर करून.

एका सकाळी गल्लीत महापालिकेचा जेसीबी शिरला. म्हणजे काकांनी अर्ज दिला. माझा जिना जाणारच, मग त्यांचाही गेला पाहिजे. मी काचेवरून अर्ज ओढला, त्याचा एक कोपरा तिथेच राहिला, आणि तडक जेसीबीवाल्याकडे निघालो. समोरून काका येत होते, बनियनवर. एका हातात कागद, दुसऱ्यात फ्रीजचं लोहचुंबक.

"सर, तुमी दिला व्हय अर्ज?"

"मी नाही. मला वाटलं तुम्ही."

"मी कशाला दिऊ? माझा जिना न्हाई का जायचा?"

जेसीबीवाला वरून म्हणाला, "पाण्याची लाईन कुठनं गेलीय? फुटलीय म्हणं." आम्ही दोघांनी एकदम हात केले, वेगवेगळ्या दिशांना. त्याने काकांचं ऐकलं.

काकूंनी चहा केला. ओट्यावर बसून मी काकांना मोबाईलवर माझ्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते दाखवलं. माझं फाटक, आणि कोपऱ्यात काकांचा अर्धा गुडघा. त्यांनी दोन बोटांनी गुडघा मोठा करून पाहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"माझा एक कॅमेरा नुसतं खोकं हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याला वायर न्हाई."

मग दोन्ही अर्ज फाडायचं ठरलं. आधी तुम्ही, आधी तुमी, असं थोडं झालं. शेवटी एकदम फाडायचे म्हणून काकूंनी तीनपर्यंत मोजलं. कुणीच फाडला नाही. काकूंनी पुन्हा मोजलं, मग कंटाळून कप उचलून आत गेल्या. आम्ही अर्जांची घडी करून आपापल्या खिशात ठेवली.

टर्की जामखेडला काकांच्या लेकीकडे गेला. आणि आम्ही एकमेकांचे फोन नंबर घेतले, जे इतक्या वर्षांत घेतलेच नव्हते. आता गल्लीत मोठी गाडी शिरली की आधी फोन करायचा, असं ठरलंय. काल कचऱ्याची गाडी आली तेव्हाही काकांचा फोन आला.

"सर, कचऱ्याची हाय. बसून ऱ्हावा."