घरटी एक हात

माझ्या नवऱ्याने आमच्याच मुलीविरुद्ध हात वर केला. मी पलीकडे बायकांच्या रांगेत बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

रविवारची मिस्सा संपून चर्चशेजारच्या हॉलमध्ये गावाची सभा भरली होती. ठराव असा, की मुलीला सभेच्या जुन्या वह्या दाखवायच्या नाहीत.

मुलगी प्राध्यापक. देशोदेशीची लोकशाही शेजारी शेजारी ठेवून बघायची, हे तिचं काम. कुठे लोक मैदानात हात वर करून कायदा करतात, कुठे पेटीत चिठ्ठी टाकतात. याचा पगार मिळतो का, असं मी एकदा विचारलं होतं. मिळतो. तिला पुस्तकात आपलं गावही घालायचं होतं आणि त्यासाठी त्या वह्या हव्या होत्या. पण आधीच तिने पेपरात लिहिलं, की आमच्या सभेत माणशी नाही, घरटी एक हात मोजतात, आणि तो पुरुषाचा असतो. यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच झोंबलं.

"विरोधात कोण?" सेक्रेटरीने रीत म्हणून विचारलं.

मी हात वर केला.

"बाय, तुमच्या घराचा हात झाला."

"घराला हात नसतो. हा माझा आहे."

"खाली घे गं, पंखा लागेल," मागून कोणीतरी म्हणालं. हॉल हसला.

नवरा म्हणाला, "घरी चल, मग बघतो."

"इथेच बघ."

खांदा भरून आला तरी मी हात खाली घेतला नाही. सेक्रेटरीने तो मोजला नाही. वहीत लिहिलं, ठराव एकमताने मंजूर. मी चौथी शिकलेय. एकमत म्हणजे काय ते मला कळतं.

"आय, पुस्तक राहिलं आता," घरी आल्यावर मुलगी म्हणाली.

"वह्या पुरुषांनी लिहिल्यात. त्यात नाही ते मी सांगते. बस, लिही."

विहीर कोणी बुजवू दिली, रस्ता कोणाच्या वाडीतून वळवला, तेव्हा घरात कोणती बाई भांडली, सगळं सांगितलं. मग बाकीच्या बायका मागच्या दाराने यायला लागल्या. हातात वेलची केळ्यांची फणी आणि तोंडात एकच, "माझं नाव नको घालू हां." नाव कोणाचंच घातलं नाही. पुस्तक झालं. नवऱ्याने ते शेवटपर्यंत उघडलं नाही.

सभा अजून भरते. मी पुढच्या रांगेत बसते. त्या दिवशी हात वर करणारे बहुतेक आता चर्चमागे पुरलेत. मोजणारा सेक्रेटरीही, नवराही.

मी आहे.